दोन ते आठ अंश

तिसऱ्या वेळी रिपोर्ट फोनवरच आला,
मी नेरूळच्या मार्केटात गवार निवडत असताना.
आकडा इतका लहान होता
की आधी वाटलं, कसलीतरी सूट आहे.
गवार मी तरीही घेतली. पाव किलो.
सुट्टे पैसेही मोजून घेतले.

घरी सुहासने काही विचारलं नाही.
त्याने फ्रिजच्या दारातला वरचा कप्पा रिकामा केला:
इंजेक्शनांचे खोके, बर्फाच्या पिशव्या,
'दोन ते आठ अंशांत ठेवावे' लिहिलेली पुठ्ठ्याची झाकणं.
मग ओल्या फडक्याने कप्पा पुसला
आणि पुसतच राहिला.

सुयांची बरणी उरली. मूळची लोणच्याची.
एकशे चौदा सुया.
मी मोजल्या नव्हत्या.
तो मोजत होता, हे त्या रात्री कळलं.
ओल्या कचऱ्यात चालत नाहीत, सुक्यात चालत नाहीत,
घंटागाडीवाला हात जोडतो.
शेवटी वाशीला, त्याच दवाखान्यात नेऊन दिली.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पावती हवीय का?

फोटोचं मात्र काही ठरेना.
काळापांढरा, आगपेटीएवढा,
पाचव्या दिवसाचा. काचेवर थेंब बसावा
तसा एक गोल.
अल्बम म्हणजे फार झालं. फाडणं त्याहून फार.
सध्या तो विजेच्या बिलांच्या फायलीत आहे,
फेब्रुवारी आणि मार्चच्या मधे.

सासूबाई रोह्याहून फोन करतात.
आधी म्हणायच्या, कूस उजवेल गं, धीर धर.
आता म्हणत नाहीत. आता विचारतात
उकाडा किती आहे, पाणी किती वाजता येतं.
मला त्यांचंच वाईट वाटतं.
कूस उजवली नाही, आई.
रात्री तीन वाजता मी ती फक्त बदलते,
भिंतीकडून सुहासकडे,
आणि तो जागाच असतो.

पुढे काय, ते डॉक्टरांनी छापील कागदावर दिलं होतं:
आणखी एक सायकल, डोनर, दत्तक.
प्रत्येकासमोर एक चौकोन, खूण करायला.
'आता बास' याला चौकोन नव्हता.
तो आम्ही पेनाने काढला. थोडा वाकडा आला.
खूण करायला आठवडा लागला.

रविवारी सीवूड्सच्या तळ्याकाठी चालायला गेलो.
शेकडो फ्लेमिंगो, चिखलात माना घालून.
एक बाप मुलाला सांगत होता,
यांची घरटी तिकडे कच्छात. इथे हे नुसते खायला येतात.
मूल म्हणालं, मग पिल्लू दाखव.
अरे, इथे पिल्लं नसतात रे, बाप वैतागला,
तरी बघ की किती छान उभे आहेत.
सुहासने माझ्याकडे पाहिलं
आणि आम्हाला, देवाशपथ, हसू फुटलं.
मग भेळ खाल्ली. त्याने कांदा जास्त मागितला.

म्हणजे झालं, असं समजू नका.
परवा बँकेत मृण्मयीचं डोहाळजेवण होतं.
मी नोटा मोजायच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले,
ती फडफडत होती तोवर रडून घेतलं.
दोन बंडलं पुरली.

काल वरच्या मजल्यावरच्या वर्गीस आंटींचा फ्रिज बंद पडला.
इन्सुलिनची पेनं रुमालात गुंडाळून दारात उभ्या.
दोन दिवस ठेवशील?
वरचा कप्पा मी अजून मोकळाच ठेवला होता.
का, ते विचारू नका.
आता तिथे त्यांची पेनं, शेजारी आमची कोथिंबीर.
त्यांचा हात थरथरतो,
म्हणून आज सकाळी मीच टोचलं.
चिमूट धरायची, सरळ घालायची,
दहा मोजून मगच काढायची.

अगं, कळलंसुद्धा नाही, त्या म्हणाल्या,
कुठे शिकलीस?
थांबा आंटी, म्हटलं, हलू नका.
सात. आठ.