चार बोटं

फेब्रुवारी. बाहेर उणे एकतीस.
ग्रीसचा डबा ओस्तापने सकाळपासून काखेत धरलाय,
जाड कोटाच्या आत,
आजारी पिल्लाला ऊब द्यावी तसा.
गारठ्यात ग्रीसचं मेण होतं, म्हणतो,
बेअरिंगच्या पोटात शिरत नाही.

गोठ्यात आता गाई नाहीत.
गव्हाणीवर पंख निजलेत, जुन्या रजईत,
आणि मधोमध, लाकडी घोड्यांवर,
पाच हिवाळे विमान पाय लोंबकळत बसून आहे.

मी त्याची बहीण.
कॅनोराच्या शाळेची बस सव्वीस वर्षं चालवली.
चाकांचं मला कळतं.
पंखांचं विचारू नका.

तळहातावर ग्रीस घ्यायचं, लिंबाएवढं,
बेअरिंगची कड त्यात दाबायची,
दाबायची, वळवायची, दाबायची,
पलीकडच्या फटींतून शेवया येईपर्यंत.
आई अशीच कणीक रेटायची मनगटाने
रविवारच्या पिरोहींसाठी.
तिचा हात एवढा काळा नसे.

मग आस.
पायाच्या पोलादी पट्टीला चार बोल्टांनी आवळलेला,
अंगठ्याहून जाड, गुळगुळीत.
चाकं सरळ बघतात की तिरकी,
म्हणून शेपटापासून नाकापर्यंत दोरा ताणला,
आणि डाव्या बाजूला पत्र्याची पाचर सरकवली,
नखाहून पातळ.
एवढ्याने काय होतं, मी म्हटलं.
धावपट्टीवर कळतं, तो म्हणाला. एकदाच.

चाक चढलं. वॉशर.
वर तटबंदीसारखे दात असलेला नट.
आवळला तर चाक जड फिरतं,
सोडला तर डुगडुगतं,
आणि पिन जाईल अशी खाच
कुठेतरी दोन्हींच्या मधे असते म्हणे.
आम्ही दोघं चाळीस वर्षं एकमेकांशी बोलतो
ते साधारण ह्याच बेताने.

चौथ्या खेपेला खाच आणि भोक समोरासमोर आले.
पिन गेली. तिचे पाय फाकवले.
ओस्तापने चाक फिरवलं, कान लावला.
काही ऐकू आलं नाही.
तेच ऐकायचं होतं.

आस म्हणजे पोलादाचा तो, एवढं मला ठाऊक.
ती दुसरी, जिच्यापायी माणूस
गाई विकून अ‍ॅल्युमिनियम आणतो,
तिच्याबद्दल तो बोलत नाही,
मी विचारत नाही.

संध्याकाळी घोडे काढले.
विमान पहिल्यांदा स्वतःच्या वजनावर उतरलं
आणि त्याचे पाय फाकले,
बर्फावर उतरताना माझे फाकतात तसे.

दार त्याने सुरुवातीलाच मोजलं होतं.
मोजलं तेव्हा विमानाला वजन नव्हतं.
आता चार बोटं कमी पडतात.
त्याची बोटं. माझी पाच.

तो दुधाच्या पालथ्या बादलीवर बसून राहिला.
दाराच्या डाव्या खांबावर बाबांच्या रेघा आहेत,
प्रत्येक वासरामागे एक,
काही आडव्या खोडलेल्या.
उन्हाळ्यात कापू, म्हणाला, लाकूड गोठलंय.
उन्हाळ्यात तू आणखी काहीतरी मोजशील, मी म्हटलं,
आणि खुंटीवरची करवत उतरवली,
दोन मुठींची.

भुसा पिठासारखा कोरडा पडतो.
तिसरी रेघ गेली, चौथी.
ढकलू नको, तो ओरडतो,
नुसती ओढ, मग सोड.
मला माहीत आहे रे.
ओढते. सोडते.
मागे ते उभं आहे, चाकांवर,
आणि दाराच्या फटीतून आलेला वारा
त्याचं एक चाक
थोडंसं