फोल्डिंग खातं

गुंडेटीमामा रिटायर झाले
आणि त्यांचं मेलचं खातं शेठनी माझ्या गळ्यात घातलं.
पासवर्ड बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर होता:
बायकोचं नाव, पुढे त्यांच्या पहिल्या मागाचा नंबर.

अकरा हजार चारशे मेल. एकही पुसलेला नाही.
"लेबलं लावून ठेवलीत," जाताना म्हणाले,
"टॉवेलला कोपऱ्यात एकच शिवतो आपण,
इथं एकाला चार लागतात. सोय आहे."

लेबलं अशी:
बघू.
सांगितलंय.
रंग गेला.
हा माणूस परत येणार.
शेठना उन्हाळ्यात दाखवू नये.

इनबॉक्स म्हणजे आवक, सेंट म्हणजे जावक,
आर्काइव्ह म्हणजे पोटमाळा,
स्पॅमला ते मंगळवार बाजार म्हणायचे.
आणि फोल्डर म्हटलं
की खिडकीतून बोट दाखवायचे लक्ष्मीबाई अंकमकडे,
ती बसलेली असायची घड्या घालत,
डझनाला एक गाठ.

काल हॅम्बुर्गहून विचारणा आली.
पूर्वी घेतला होता तोच निळा हवा.
पूर्वी म्हणजे कधी, निळा म्हणजे कुठला,
हे त्यांनाही ठाऊक नाही.

टॉवेल शोधलं. निळा शोधलं. शेड, नमुना, हॅम्बुर्ग.
नको ते सगळं आलं, किंवा काहीच नाही.
अक्कलकोट रोडला चव्वेचाळीस ऊन,
कूलरमधलं पाणी संपलेलं,
आणि शोधाच्या चौकटीत ती एवढीशी रेघ
उघडझाप, उघडझाप.

चहाला लक्ष्मीबाई आत आली.
"टॉवेल कुठं म्हणतेत मामा," ती म्हणाली,
"टावल म्हणतेत. लिवतेत पण तसंच."

चुकीचं स्पेलिंग मी नीट, एकेक अक्षर बघून टाइप केलं.
तीनशे बारा!
माळ्यावरची गाठोडी अंगावर यावीत तसे.
त्यात मार्च दोन हजार अकरा, शेड एकशे सत्तेचाळीस,
आणि खाली मामांची ओळ:
साहेब, रंगाची काळजी नको,
घरी नऊ वेळा धुऊन बघितला आहे.

निळा कळवून टाकला.

शोधता शोधता ड्राफ्टमध्ये एक दिसला,
त्याच वर्षीचा, दिवाळीच्या आठवडाभर आधीचा.
"मा. शेठ, पगारासंबंधी थोडं..."
एवढंच.
तो मी उघडून मिटला.
एक अक्षर जरी बदललं
तर त्याच्यावर आजची तारीख पडते.