कडता

मणदूरच्या नाक्यावर वहीत नाव लिहिताना
व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं: मापाडी.
सांगलीचा हळदबाजार, बावीस वर्षं.
वनरक्षक बाई वाचून म्हणाल्या, इथं काय मोजणार?
बरोबर धोंडीराम झोरे येईल. आत बोलू नका.

पहिला तोच बोलला. माझा सदरा हुंगला, आणि
"लगीनघरातनं आलाय व्हय?"
म्हटलं, नाही, शिवणीत बसलीय,
धुऊन जात नाही. बायकोनंही नाद सोडला.
त्यानं कारवीचा पाला चुरगाळला,
पाठीवर, काखेत, कॉलरच्या आत खसाखसा घासला,
म्हशीला घासतात तसा, न विचारता.

सड्यावर खूर उमटत नाही.
तिथं तो गवत वाचत चालतो,
एखादं पातं मोडलेलं, एखादं नुसतं वाकलेलं,
आणि मी त्याच्या टाचा वाचत मागं.
दोन तास. एक शिंक मी गिळली.

ओढ्याच्या चिखलात पहिला खूर सापडला.
आडकित्त्यानं दोन केलेली सुपारी, तेवढी फट मधे.
आतलं पाणी अजून गढूळ.
धोंडीरामनं बोट बुडवलं. "आत्ताच."
मीही बुडवलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.
शेजारी माझ्या बुटाचा ठसा, जेमतेम.
डोक्यात काटा हलायला लागला:
आठ क्विंटल. नऊ. साडेनऊ.
पोत्याला नुसता हात लावून मी वजन सांगतो,
दोनशे ग्रॅम इकडंतिकडं. व्यापारी पैजा लावतात.
पण पोतं चिखल ओलांडून पुढं गेलेलं नसतं.

पुढं शेण. त्यानं टाचेनं मोडलं, वाफ निघाली.
"बा म्हशी राखायचा आतल्या गावात.
चुकलेली म्हस हुडकायची, तवा शिकलो.
गाव उठलं, म्हशी इकल्या,
हुडकायची सवय तेवढी ऱ्हायली."
एवढंच. मग माझ्या खिशावर त्यानं टिचकी मारली.
पिवळी धूळ उडाली
आणि आमच्या तोंडावरनं मागं गेली.
वारं आमच्या बाजूचं होतं.
हळदीचा असाही उपयोग असतो
हे मला बाजारात कुणी सांगितलं नव्हतं.

मग जांभळीखाली
मी ज्याला खडक समजून बसलो होतो
त्या खडकानं कान झटकला.

गुडघ्याखाली पांढरा,
चुन्याच्या कुंडातनं नुकताच बाहेर आल्यासारखा.
वर सगळं काळं, खांद्यापाशी डोंगरधार,
आणि त्या धारेवर एक कोतवाल,
त्याचं वजन धरायचं की नाही?
मी मनात आकडा लावायला गेलो.
लागेना.
परत खुरापासून सुरुवात केली, पाय, छाती, मान,
मानेपाशी सगळं विस्कटलं.

तेवढ्यात वारं फिरलं.
नाकपुडी उघडली, मिटली, परत उघडली.
पाल्याच्या खाली, घामाच्या खाली
त्याला राजापुरी सापडली असणार.
धोंडीरामचा हात माझ्या मनगटावर, घट्ट.
एक फुत्कार. तो मी कानानं नाही, पोटानं ऐकला.
आणि जाळी मिटली.
फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ उतरत राहिला,
मग तळव्यांना कळलं की जमीन हलली होती.

"किती भरंल, मापाडी?"
म्हटलं, बारदानासकट?
तो पहिल्यांदा हसला, दोनच दात दाखवून,
आणि परत निघाला. परतताना वाट लांब होती
की मी हळू चालत होतो, सांगता येत नाही.

सोमवारी सौदे.
इरगोंडानं पोतं काट्यापाशी आणून टेकवलं.
मी हात लावला, आकडा सांगितला.
चार किलोनं चुकलो.
आजूबाजूचे हमाल गप्प झाले,
इरगोंडा माझ्या कॉलरकडं बघत राहिला,
तिथं आत हिरवा डाग आहे.
"काय झालं, अण्णा?"
काही नाही, म्हटलं. लिही,
कडता धरून.
कशाचा, ते त्यानं विचारलं नाही.