अंक सत्त्याण्णव

सत्त्याण्णवाव्या अंकाला कागद नाही.

शहापूरच्या खडे बाजारात, हंपण्णावरांच्या छापखान्यात
मशीनवर आता फक्त लग्नपत्रिका असतात,
आणि त्यांची सौजन्या
मांडीवर लॅपटॉप घेऊन ‘मेर’ची पानं लावते.
मराठी ती भरभर बोलते, वाचताना अडखळते;
जोडाक्षर तिला चित्रासारखं दिसतं.
म्हणते, “अक्का, हा ‘ज्ञ’ जरा रुंद करूया?
मोबाइलवर गुदमरूलालाय.”
तिचे आजोबा खिळे उलटे वाचायचे.
ही वाचत नाही, बघते.
चुका मात्र दोघांच्याही कमी.

नोंदणीच्या चौकटीत राज्य आधी विचारतात.
‘कर्नाटक’ दाबलं की भाषा आपोआप कन्नड.
तिनं ते सोडवलं,
चहा निवायच्या आत.
मला वडिलांच्या सभा आठवल्या,
त्यांचा बसलेला आवाज.
बोलले काही नाही.
बशीतला कुंदा तिच्याकडे सरकवला.

पान उलटल्याचा आवाज घालायचा म्हणे.
तीन नमुने ऐकवले तिनं.
तिन्ही कागद श्रीमंताघरचे.
आमचा कागद असा वाजला नाही कधी,
शाई पिऊन तो मऊ पडायचा,
बोट ओलं केल्याशिवाय सुटायचा नाही.
“मग आवाजच नको,” म्हणाली.
नकोच.

ऐकायचा अंकही हवा, हल्ली लोक भांडी घासताना ऐकतात.
यंत्रातली बाई स्वच्छ वाचते,
फक्त येळ्ळूरचं येल्लूर करते.
ळ तिच्या टाळूला लागतच नाही.
इकडच्या दोन्ही भाषांत आहे ते अक्षर,
त्यावरून इथं कुणी भांडलेलं नाही;
आणि नेमकं तेच तिला येत नाही.

मग आलेख.
दोनशे अकरा जणांनी उघडला.
सरासरी मुक्काम अठ्ठेचाळीस सेकंद.
पूर्वी पोस्टात गठ्ठे टाकले की मी सुखी असायची,
वाचलं की वाण्याकडे गेलं, विचारलं नाही.
आता दिसतं,
संपादकीयाच्या तिसऱ्या ओळीवर माणसं उठून जातात.
“दोन ओळींचं करा.”
केलं.
चांगलं झालं.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

एकच वाचक विचित्र.
रोज रात्री साडेनऊला यायचा,
एकेका पानावर तास तास बसायचा.
“झोप लागत असेल, अक्का.”
“नाहीतर फोन चार्जिंगला.”
आठवड्यानं थांबला. आम्हीही विसरलो.

पुढच्या सोमवारी पाकीट आलं, जाड, डिंकानं बरबटलेलं.
परशराम कुगजी, निवृत्त वायरमन, येळ्ळूर.
आत दोनशे पानी वही,
निळ्या शाईत अख्खा अंक.
अनुक्रमणिका, कविता, दोन ओळींचं संपादकीय,
पान नंबरसुद्धा.
चित्रांच्या जागी पट्टीनं आखलेली चौकट,
चौकटीत लिहिलेलं: चित्र, म्हैस, तोंड डावीकडे.
जाहिरातही उतरवलेली, फोन नंबरासकट.
सोबत चिठ्ठी:
“अंक पोस्टानं आला नाही. नातीच्या फोनवर दिसला.
छापला नाही असं ती म्हणाली.
म्हणजे तुमच्याकडेही प्रत नसणार,
म्हणून एक करून पाठवतो.
पान तेवीस बघावे.”

पान तेवीस.
‘पाणंद’वरचा अनुस्वार राहिला होता,
तिघींच्या नजरेतून, माझ्या, तिच्या आणि यंत्रातल्या बाईच्या.
त्यांनी तो तांबड्या पेनानं दिला होता.

सौजन्यानं एक कळ दाबली.
“झालं बघा. सगळीकडे झालं.”
खानापूर, निपाणी, पुण्यातल्या पोरांचे फोन,
एका क्षणात पाणंद सरळ.
शहाण्णव अंकांतल्या माझ्या चुका
अशा कुठं मिटल्या?
लोकांच्या माळ्यावर बसल्यात अजून.

वही कपाटात ठेवली, शहाण्णवच्या शेजारी,
पाठीवर चिठ्ठी चिकटवून आकडा घातला.
पडद्यावर आता तो अनुस्वार
कधी चुकलाच नव्हता.
वहीत तांबडा आहे.