मजलिसीबाहेरच्या चपला

मुहर्रकच्या गल्ल्या मोबाईलमधल्या बाईला कळत नाहीत.
"उजवीकडे वळा" म्हणते, उजवीकडे भिंत असते,
भिंतीवर लुलवा मॅडमचं पोस्टर,
त्यावर कुणाच्या तरी टाकीतून ठिबकणारं पाणी.
म्हणून मी. हिदायत मुकादम, राहणार हर्णै,
बारा वर्षं आरसे मिटवून या बोळांतून गाडी काढतोय.

मॅडम मागच्या सीटवर भाषण घोकतात.
मुख्याध्यापिका होत्या, अजून तशाच थांबतात
प्रत्येक वाक्यानंतर,
जणू वर्ग लिहून घेतोय.
घरांची यादी, तुंबलेलं गटार, पार्किंग, पोरांच्या नोकऱ्या.
अरबी मला बाजारापुरती येते,
पण हे भाषण पाठ झालंय.
परवा पेन्शनचा शब्द त्यांना आठवेना
आणि मीच पुटपुटलो, "तकाउद".
आरशात हसल्या.

रात्रीच्या चार मजलिसी, कधी पाच.
बायकांच्यात एकट्या जातात,
पुरुषांच्यात पुतण्या दुएज बरोबर.
जिथे तिथे कहवा.
फिंजान हलवून परत केला की बास,
हे मला नवीन होतो तेव्हा कुणी सांगितलं नाही,
नऊ घेतले होते मी, रात्रभर डोळे टक्क.

मी बाहेर थांबतो. माझ्याकडे चपला.
आत किती माना डोलल्या, मला कुठून दिसणार?
उंबऱ्याशी बसून जोड मोजायचे,
परतीच्या वाटेवर सांगायचं: त्रेचाळीस. छत्तीस. काल एकसष्ट.
मॅडम हिरव्या वहीत आकडा लिहितात
आणि मग उरलेला रस्ता खिडकीतून बघत राहतात,
आकड्याशी मनातल्या मनात बोलत असाव्यात.

गुरुवारी करक चहा प्यायला
वळणावर थांबलो,
समोर दुसऱ्या उमेदवाराचा तंबू. दिव्यांच्या माळा, शेख-कुर्सीसारख्या खुर्च्या,
ताटात अख्खं बकरं.
सवयीने नजर खाली गेली.
ती तपकिरी जोडी, हिरव्या दोऱ्याने शिवलेली.
ती अंगठा तुटलेली, वर वायर गुंडाळलेली.
पोराच्या निळ्या स्लिपर, एक उलटी.
बुधवारी सगळ्या आमच्या एकसष्टमध्ये होत्या.

खोटं कुणी बोललेलं नव्हतं.
चपला बोलावतील तिथे जातात.
आमच्या गावात ग्रामपंचायतीला रज्जब मामू
दोन्ही पार्ट्यांचं मटण खायचा, दोघांनाही दुवा द्यायचा,
मत विचारलं की मूठ पुढे करायचा,
झाकलेली.
मॅडमना सांगावं का? चहा निवला. सांगितलं नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री पुलावर त्यांनी विचारलं,
"हिदायत, तुला मत असतं तर कुणाला दिलं असतंस?"
माझं मत हर्णैच्या यादीत आहे. म्हणजे होतं.
गेल्या खेपेला भावाने फोनवर सांगितलं,
नावापुढे कुणीतरी लिहिलंय: बाहेरगावी.
मी म्हटलं, "मॅडम, बेल्ट लावा, पुढे पोलीस आहे."
त्यांनी लावला.

तिसऱ्या नंबरवर राहिल्या. दुसऱ्या फेरीतही नाहीत.
दुएजने वही उघडून बेरीज पुन्हा केली,
पुन्हा केली, मग माझ्याकडे बघितलं.
मी टायर तपासायला गेलो.

तंबू उतरवला तेव्हा एक फ्लेक्स मी मागून घेतला.
आमच्या गच्चीवरच्या खोलीला पश्चिमेचं ऊन,
तिथे मापात बसला.
दुपारी झोपलो की मॅडमचा अर्धा चेहरा उजळतो,
बाकीचा अर्धा कूलरमागे.

काल म्हणाल्या, चौथ्या गल्लीत चल,
शाळेतली जुनी शिपाईण पडलीय, माकडहाड मोडलं.
कसलं भाषण नाही, दुएज नाही,
मांडीवर संत्र्यांची पिशवी.
दाराबाहेर एकच जोड होती.
तपकिरी. हिरवा दोरा.
मॅडमनी आपल्या चपला तिच्या शेजारी काढल्या,
आत गेल्या.

मी काही बोललो नाही.
दोन, म्हटलं स्वतःशी,
आणि गाडी सावलीत घेतली.