ढगाळ रात्रीचे प्रश्न

फेब्रुवारीत कधीमधी बोलिव्हियाकडून
ढग येतात डोंगर ओलांडून,
आणि दुर्बीण मिटून घेते आपला एकुलता डोळा.
मग एवढी शिकलेली माणसं
कँटीनमध्ये मीठदाणीशी खेळत बसतात.

मी ड्रायव्हर.
रात्री हेडलाइट न लावता उतरतो
वळणावळणाचा रस्ता.
इथं उजेड म्हणजे केर.
ओर्तेन्सिया आयाविरे तो केर घरातच कोंडते:
सूर्य पॅसिफिकला टेकला
की शंभरावर खिडक्यांचे पडदे ओढायचे,
मग बाहेरून एक फेरी,
कुठं फट राहिली नाही ना.

त्या रात्री योरित नावाच्या डच पोरानं
टूम काढली, प्रश्न विचारू.
कुठल्या ग्रहाचा दिवस वर्षाहून लांब?
शुक्र! चार आवाज एकदम.
मावेल एवढं तळं मिळालं तर तरंगेल कोण?
शनी.
तारकासमूह एकूण किती?
अठ्ठ्याऐंशी. सगळ्यांत लांबलचक वासुकी.
सूर्य सोडून सगळ्यांत जवळचा तारा?
मी धीर करून म्हटलं, मित्र.
नाही हो, त्याच्या पलीकडचा तांबडा मिणमिणता,
नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.
म्हणजे जवळचा तो, जो दिसत नाही.
हे मी मनात म्हटलं,
कँटीनमध्ये अशी वाक्यं बोलत नाहीत.

कप गोळा करता करता ओर्तेन्सिया म्हणाली,
माझा एक.
एकही तारा नसलेला तारकासमूह कुठला?
हशा.
योरित म्हणाला, हा तर चावटपणा झाला.
तिनं कप उचलले, गेली.

दोन वाजून गेले आणि ढग फाटले.
काटे ताटात टाकून सगळे धावले वर,
घुमट कण्हत उघडला.
मी गाडीकडे निघालो
तर ती मुदपाकखान्यामागं उभी.

बघ, आकाशगंगेत मधेच काळं आहे ना,
आपण म्हणतो, तिथं काही नाही.
फेर्मिन मामा लामा राखायचा, तो म्हणायचा,
तिथंच तर ती आहे.
हे डोकं. ही मान, लांबच लांब.
पाठ आत्ता कुठं डोंगरावर येतेय.
पोटाखाली पिलू आहे, दूध पिणारं,
ते उशिरा उगवतं.

आणि ते दोन चमकतायत ते?
डोळे.
मग एकही तारा नाही म्हणालीस ते?
डोळे उसने आणलेत, ती म्हणाली, शेजाऱ्यांकडून.

मग एकदम वळली.
एकेचाळीस नंबरच्या खिडकीत
बोटभर पिवळी फट.
योरितच, दिवा तसाच ठेवून पळाला होता.
चपला फटफटवत ती गेली,
फट मिटली.

मला खाली जायचं होतं, सहाची पाळी आणायला.
किल्ली हातात गार पडली.
पिलू दिसेपर्यंत थांबलो.