दोनशे सत्तर हात

हॉटेलात शिरल्यावर मी आधी बादली बघते.
चादरी सगळीकडे पांढऱ्याच असतात,
बादलीवरून कळतं
इथे कधी कुणी लहान मुलाला आंघोळ घातली आहे का.
मग गरम पाणी यायला लागणारी मिनिटं,
मग जादा गादीचे पैसे, जे फोनवर कुणी सांगत नाही.
शाल्मली पलंगावर तीन उड्या मारते
आणि दहापैकी गुण देते.
इथे सहा. स्प्रिंग बोलते म्हणाली.

मी याच गावची. दाल बाजाराच्या मागे वाढले,
आणि आज फुलबागेजवळच्या या हॉटेलात
रजिस्टरमध्ये 'येण्याचं कारण' या रकान्यापुढे अडले आहे.
काम असं आहे: चौघांचं कुटुंब, दोन दिवस, दहा हजारांत ग्वाल्हेर.
आम्ही तर दोघीच.
मी आमचा खर्च दोनने गुणते,
एक ताट निरंजनचं धरते, जो आता आमच्या हिशेबात नसतो,
आणि एक मूल, न झालेलं,
त्याला अर्ध्या तिकिटात बसवते.
आमच्या धंद्यात याला खोटं म्हणत नाहीत.
अंदाजे म्हणतात.

सकाळी मॅनेजर सिकरवार टेबलाशी येऊन उभे.
"मॅडम, बेडई के बारे में लिखिए. लिफ्ट रहने दीजिए."
लिफ्टचं मी लिहिते,
शेवटून दुसऱ्या ओळीत,
जिथवर वाचणारा बहुधा पोचत नाही.

शब्दाला तीन रुपये.
मार्चमधल्या ओरछ्याचे अजून आले नाहीत.
मेमधली पचमढी अकाउंट्सकडे आहे.
जुलैत मी नुसती स्मरणपत्रं लिहिली,
चांगली लिहिली होती,
त्यांचे शब्द कुणी मोजत नाही.

दुपारी किल्ल्याची वाट.
'मुलांना चढ झेपतो का?' याचं उत्तर
अर्ध्यावर माझ्या कडेवर येऊन बसतं,
एकोणीस किलो.
वळणावर एकाच कातळात कोरलेलं इवलंसं देऊळ,
जाळीला कुलूप.
भदौरिया चाचा चहाचा पेला खाली ठेवून किल्ली काढतात.
"जे देखो बिटिया, जीरो."

भिंतीवर मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं,
त्यांत दोनशे सत्तर,
त्यातलं शून्य
गजकेवरून निसटलेल्या तिळाएवढं.
या गावात मी दहा वर्षं गणिताला घाबरत काढली
आणि हे इतकं जवळ होतं.

मला वाटलं, मंत्र असेल, कुण्या राजाचं गुणगान असेल.
चाचा म्हणाले, बागेचं माप आहे.
दोनशे सत्तर हात लांब, एकशे सत्त्याऐंशी हात रुंद,
आणि माळ्यांनी देवाला द्यायचे पन्नास हार.
रोज.
कुणीतरी मोजून घेतलं, कुणीतरी कबूल केलं,
आणि दगडात लिहून ठेवलं, म्हणजे नंतर वाद नको.

रोज पन्नास.
मोगरा आटला तरी पन्नास,
घरी पोर तापानं फणफणलं तरी पन्नास.
आणि माळ्यांना काय मिळायचं?
चाचांनी जाळीकडे बघितलं.
ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

"आई, शून्याला किती देऊ?"
"तूच सांग."
बराच वेळ बघून म्हणाली, "दहा."
आणि मग, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून,
"दहातपण तेच आहे ना."

रात्री ती आडवी झोपली आहे, अख्खा पलंग व्यापून.
मी लिहिते: चढण पाऊण तास, पाणी सोबत ठेवा,
देवळाची जाळी उघडायला पहारेकऱ्याला सांगा.
मग बाग लिहायला बसते.
फुलं कोणती असतील, पाणी कुठून चढवत असतील,
पहाटे कुणाची बोटं दोऱ्यानं कापत असतील.
लेख फार लांबतो.
बाग कापतील, मला माहीत आहे,
मुलांच्या लेखात बाग म्हणजे घसरगुंडी.
तरी कापत नाही मी.

न्हाणीघरात नळ ठिबकतो आहे.
उठून बघते.
बादली मोठी आहे, कडीसकट,
खाली बसलेल्या मुलाच्या डोक्यावरून
तांब्या सहज फिरेल अशी.
हे लिहायचं राहिलंच होतं.